मधल्या खणातला वाडगा

लाखेचा थर उन्हात वाळत नाही. त्याला दमट, बंद, काळोखी जागा लागते. कोरड्या हवेत तो दिवसेंदिवस तसाच चिकट राहतो.

ओसाकाहून आलेल्या बाईंनी भाजलेला मासा अर्धाच खाल्ला, काचेपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "हा मधला साधा वाडगा केवढ्याला हो?"

मोरिओला सारात आलं चालायचं नाही.

माणूस सात वर्षं सापडला नाही, तर कोर्ट त्याला मेला असं धरतं. मात्र घरच्यांनी अर्ज करावा लागतो.

नानाओच्या मेणबत्त्यांवर फुलं रंगवलेली असतात, कारण थंडीत देव्हाऱ्यापुढे ठेवायला खरी फुलं मिळत नाहीत.

"बर्फ वितळलं की मी तोयामाला चाललो. एकट्याने जायचं का दोघांनी, ते तू ठरव."

वाडग्यात काही नव्हतं. झाकणाला आतून थेंब होते.

*

नोतो द्वीपकल्पातल्या वाजिमा गावी, सकाळच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओकिमोतोंचं घर. तीन पिढ्या ते लाखकाम विकत आले. विकत म्हणजे दुकानात बसून नव्हे. पानगळ सुरू झाली की घरातला पुरुष नमुन्यांची पेटी पाठीला लावून निघायचा, आपल्या ठरलेल्या मुलखात घरोघर जायचा, वाडगे-तबकं उलगडून दाखवायचा, मागणी घ्यायचा आणि वर्ष सरायच्या आत परत यायचा. ओकिमोतोंच्या वाट्याला शिकोकू बेट होतं. ज्या घरांत मोरिओच्या आजोबांनी लग्नाचे वाडगे दिले, त्या घरांत मोरिओ नातींच्या लग्नाचे वाडगे द्यायला जायचा. बोलका माणूस. ओसरीवर बसला की चहा घेऊनच उठणार, आणि उठताना घरातल्या म्हाताऱ्याला हसवून जाणार.

एका वर्षी त्याने तिकडच्या मात्सुयामाहून फोन केला. म्हणाला, "इकडची संत्री अजून आंबट आहेत." त्याच्या बायकोने, इकुकोने विचारलं, घशाला कसं वाटतंय. तो म्हणाला, बरं आहे. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. उतारूंच्या खानावळीने त्याची पेटी रेल्वेने परत पाठवली. आतला प्रत्येक नमुना फडक्यात नीट गुंडाळलेला होता. घाईत निघालेल्या माणसाची पेटी अशी नसते. जीव द्यायला निघालेल्याची अशी असते का, हे इकुकोला ठाऊक नव्हतं, आणि तिने कुणाला विचारलंही नाही.

कोठारात भरून राहिलेल्या वाडग्यांचं करायचं काय? इकुकोने पुढची खोली मोकळी केली, तातामी चटया बदलल्या, बैठी मेजं मांडली आणि त्याच वाडग्यांतून लोकांना जेवू घालायला सुरुवात केली. तोयामाच्या बाजूचा कुवाता नावाचा स्वयंपाकी ठेवला. रस्त्याकडच्या भिंतीत काचेचं कपाट करून घेतलं. त्यात नोतोचं जे जे हातचं, ते मांडलं: सुझूचा काळा रांजण, नानाओच्या मेणबत्त्या, अंबाडीच्या धाग्याचं विणलेलं कापड, यात्रेतल्या उंच कंदिलाची हातभर प्रतिकृती, सोन्याच्या भुकटीने नक्षी काढलेला सासऱ्यांच्या बापाचा डबा. प्रत्येकासमोर इकुकोने ब्रशने लिहिलेली चिठ्ठी.

मधल्या खणात मोरिओचा वाडगा. बाहेरून काळा, आतून शेंदरी, नक्षी नाही, चिठ्ठी नाही.

तो तिथे सासूबाईंनी ठेवायला लावला. हात्सु म्हणाली होती, "देव्हाऱ्यात नको. तिथे मेलेले बसतात. माझा मुलगा माणसांतला आहे, माणसांत बसू दे."

*

दूर गेलेल्या माणसाचं पान घरी वाढायचं, हे तिकडे सगळेच करतात. युद्धात गेलेल्यांचं वाढलं, मासेमारीला उत्तरेकडे गेलेल्यांचं वाढलं. भात, सार, लोणचं. थोड्या वेळाने साराच्या वाडग्याचं झाकण उचलून आतून बघायचं. थेंब धरले असले तर माणूस सुखरूप आहे. कोरडं असलं तर काही खरं नाही.

आता गरम साराच्या वाडग्यावर झाकण ठेवलं तर थेंब धरणारच, हे काय आयांना कळत नव्हतं? कळत होतं. म्हणूनच तर त्या सार गरम वाढायच्या.

पहिली काही वर्षं हात्सुनेही तसंच केलं. पण कपाटात रोज उकळतं सार ठेवायला लागल्यावर काच धुरकट व्हायची, मेणबत्त्या वाकायच्या, आणि कुवाता कुरकुरायचा. "आजी, गिऱ्हाईक विचारतं, आत काय शिजतंय म्हणून. काय सांगू? मालक शिजतायत?"

"जीभ बघा मेल्याची. तोयामाचा ना तू? मीठही जास्त आणि बोलणंही."

पण तिने ऐकलं. सार बंद केलं. वाडगा रिकामा ठेवला, झाकण लावलं, समोर जेवायच्या काड्या आडव्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने झाकण उचललं, तर आतून थेंबच थेंब.

रिकाम्या वाडग्याला.

शेजारची तोफूवाली बघून गेली. देवळातले भटजी आले, बराच वेळ झाकण हातात धरून बसले आणि परत ठेवून गेले. कुवाताने नंतर कधी मालकांवरून थट्टा केली नाही. इकुको रात्री अंथरुणावर पडली की भिंतीपलीकडचं कपाट तिला जाणवायचं. कुणीतरी पाठ करून जेवत बसलेलं असावं तसं.

*

सकाळचा क्रम ठरलेला होता. इकुको आधी उठायची. कपाटाच्या काचेला रात्रीतून आतल्या बाजूने बाष्प धरलेलं असायचं, ते फडक्याने पुसून काढायची. कपाटातला इवलासा साकेचा पेला पाण्याने भरायची. लाखकाम ठेवलेल्या कपाटात पाणी ठेवावंच लागतं, नाहीतर दिव्यांच्या उष्णतेने लाकूड आक्रसतं आणि वरचा थर तडकतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लाखेच्या घरात वाढलेलं पोर चपला उलट्या वळवून ठेवतं तसं पाणीही ठेवतं. हात आपला आपण करून मोकळा होतो, डोक्याला पत्ता नसतो.

मग हात्सु यायची. हात धुतलेले, कोरडे केलेले. दोन्ही हातांनी झाकण उचलायची, उलटं करायची आणि इकुकोपुढे धरायची.

"किती?"

"आई, तुम्हीच बघा की."

"मी बघून काय उपयोग? मी आई आहे. मला वाळवंटातही पाणी दिसेल. तू सांग."

"आहेत. पाच-सहा मोठे. कडेला बारीक."

"काल?"

"कालही तितकेच."

"म्हणजे जेवतोय नीट." झाकण परत जागेवर. "बघ बरं, काड्या सरळ आहेत का. त्याला वाकड्या काड्या चालत नाहीत."

काड्या कधी वाकड्या नसायच्या. एकदा होत्या. इकुकोने त्या सरळ केल्या.

सात वर्षं झाली तेव्हा इकुकोने विषय काढला. कपाटापुढेच, कारण त्या घरात मोरिओविषयी बोलायचं तर ते तिथेच बोलायचं असा न ठरवलेला रिवाज होता. म्हणाली, कोर्टात अर्ज करता येईल. म्हणाली, कुवाता तोयामाला भावाच्या खानावळीचं काम बघायला जाणार आहे आणि त्याने तिला विचारलं आहे. शेवटचं वाक्य तिने कपाटातल्या रांजणाकडे बघून म्हटलं.

हात्सु चिडली नाही. "कुवाता चांगला आहे," ती म्हणाली. "मीठ कमी करायला शीक म्हणावं. पण इकु, मला एक सांग. वर थेंब असताना मी त्याच्या नावाने उदबत्ती कशी लावू? जिवंत माणसाला धूर दाखवायचा?"

"नाही आई."

"ज्या दिवशी झाकण कोरडं निघेल, त्या दिवशी मी स्वतः तुझ्याबरोबर कोर्टात येते. शब्द देते. पण थेंब आहेत तोवर तू माझी सून, आणि तो माझ्या घरचा जेवणारा माणूस. आहे की नाही?"

आहे, असं इकुको म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

*

नोव्हेंबरात इकुकोची धाकटी बहीण कानाझावाला बाळंत झाली. इकुको चार दिवसांसाठी मदतीला गेली. तिसऱ्या सकाळी कुवाताचा फोन आला.

"म्हातारीने मला झाकण बघायला लावलं."

"मग?"

"कोरडं आहे."

बाळ रडत होतं. इकुकोने फोनची दोरी बोटाला गुंडाळली. "नीट बघितलंस?"

"बोट फिरवून बघितलं. ठणठणीत कोरडं. मी खोटं सांगणार होतो, तोंडापर्यंत आलं होतं. पण मी अडखळलो, तेवढ्यावरून कळलं तिला. जेवलेली नाही. तू ये."

ती दुपारच्या बसने निघाली. उतरल्यावर थेट कपाटापुढे गेली, आणि हाताने नेहमीचं केलं: पेला भरला. हात्सु आतल्या खोलीत पडून होती, तोंड भिंतीकडे.

सकाळी झाकण उचललं. हात्सुने ते उलटं करून पुढे धरलं.

"किती?"

"आहेत," इकुको म्हणाली. "पुष्कळ आहेत, आई."

हात्सु हसायला लागली. "तुझ्या मागे गेला होता बघ! बायको गेली तर हाही गेला. कानाझावाला भटकून आला आणि आता भूक लागली." तिने सार करायला लावलं, स्वतः दोन वाडगे प्यायली.

कुवाता स्वयंपाकघरात माशाचे खवले काढत होता. इकुकोकडे न बघता म्हणाला, "तू नव्हतीस ते एक बरं होतं. सकाळी काच पुसायला लागली नाही. काल तर लख्ख होती. तू आलीस की बाष्प आलं."

तो चेष्टेने म्हणाला. इकुको फडकं हातात घेऊन उभी राहिली. फडकं ओलं होतं.

काचेला बाष्प. झाकणाला थेंब. पेल्यात पाणी.

दिवे दिवसभर कपाट तापवतात. पाणी हवेत जातं. रात्री दिवे बंद होतात, रस्त्याकडची भिंत गार पडते. काचेला धरतं ते ती रोज पुसत होती. झाकणाला धरतं तेच ती रोज मोजत होती. एकाच पाण्याला एका हाताने ती घाण म्हणून पुसायची आणि दुसऱ्या हाताने नवरा म्हणून सांगायची. आणि भटजी, तोफूवाली, सासूबाई, ती स्वतः, लाखेच्या गावात जन्मलेल्या एकालाही पेला दिसला नव्हता. त्या गावात कपाटातला पेला कुणाला दिसत नाही.

"काय झालं?" कुवाताने विचारलं.

"काही नाही. हात गारठला."

*

तिने कुणाला सांगितलं नाही. हात्सुला सांगितलं असतं तर? "आई, तुमचा मुलगा म्हणजे मी रोज ओततेय ते पाणी." हे वाक्य तिने मनात पुष्कळ वेळा बोलून बघितलं. प्रत्येक वेळी वाक्य संपल्यावर हात्सुचं काय होतं ते तिला दिसायचं, आणि ती वाक्य मागे घ्यायची.

डिसेंबरभर ती पेला भरत राहिली. भरताना हात आता आपला आपण काम करत नसे. तांब्या कलता करताना तिला वाटायचं, मी एका माणसाला पाणी पाजतेय आणि तो फक्त तेवढ्याने जिवंत आहे. थांबले तर मरेल. मग वाटायचं, तो कुठे आहे? हा तर पेला आहे. मग वाटायचं, मी थांबले तर कोण मरेल?

नवं वर्ष झालं. बर्फ छपरापर्यंत साचलं. कुवाताने आपल्या सुऱ्या एकेक करून कापडात गुंडाळायला सुरुवात केली होती. ज्या रोज लागत नाहीत त्या आधी.

एका सकाळी इकुकोने काच पुसली आणि पेला तसाच राहू दिला. तळाशी थेंबभर होतं. दुसऱ्या दिवशी तेही नव्हतं.

पहिल्या सकाळी झाकणाला बारीक दव होतं. दुसऱ्या सकाळी त्याहून कमी.

तिसऱ्या सकाळी काचेवर काहीच धरलं नाही. ती फडकं घेऊन स्वच्छ काचेपुढे उभी राहिली. मागून हात्सुची पावलं आली, तिने दोन्ही हातांनी झाकण उचललं, उलटं केलं, इकुकोपुढे धरलं.

"किती?"

शेंदरी रंग आरशासारखा. त्यात इकुकोला आपला चेहरा दिसला, लहान आणि उलटा. तिला शब्द ठाऊक होता. तो तिच्या तोंडून निघेना. बाहेर कुणीतरी छपरावरचं बर्फ ओढत होतं, ते धप्पकन पडलं. आणखी एकदा पडलं.

"कोरडं आहे," हात्सु म्हणाली.

इकुको रडायला लागली. हात्सुने झाकण वाडग्यावर ठेवलं, हलक्या हाताने, आवाज न करता. काड्या उचलून कमरपट्ट्यात खोचल्या.

"काय थंडीचा गेला," ती म्हणाली. "आता भटजींना सांगून ये. आणि रडणं आवर, गिऱ्हाईक येईल."

*

अस्थी नव्हत्या. समुद्रकाठचा एक गोटा पांढऱ्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवला. भटजींनी मेल्यावरचं नाव लिहून दिलं. त्यात 'दूर' हे अक्षर होतं. नणंद फुमिए शेजारच्या गावाहून आली, दोन दिवस राहिली, आणि कुवाता व इकुको गेले तर खानावळ आपण आणि नवरा बघू असं आपणहून म्हणाली. हात्सु शब्दाला जागली. ज्या दिवशी रस्ता मोकळा झाला, त्या दिवशी इकुकोबरोबर बसने कोर्टात गेली, आणि विचारलं तेवढंच बोलली.

वाडगा कपाटातच राहिला. "आता तो नुसता वाडगा," हात्सु म्हणाली. "त्याच्यापुढेही चिठ्ठी लाव."

इकुकोने लिहिलं: वाडगा, झाकणासह. वाजिमा. विक्रीसाठी नाही.

पेला तिने परत भरला नाही. भरवेना. त्याची किंमत कपाटाने दिली. एका दुपारी जेवणाऱ्यांच्या गलक्यात आत टक् असा बारीक आवाज झाला, आणि सासऱ्यांच्या बापाच्या डब्यावर सोन्याच्या लाटांमधून एक केसाएवढी चीर आडवी गेली. मेणबत्त्यांवरची फुलं सुकी दिसायला लागली; रंगवलेलीच ती, पण दिसायला लागली. हवा इतकी कोरडी की कापडाला हात लावला तर चटका बसायचा.

श्राद्ध होऊन गेल्यावर पहिल्या सकाळी इकुको काचेपाशी आली. काच लख्ख. चिठ्ठी थोडी तिरकी झाली होती, म्हणून तिने दार सरकवलं आणि जाता जाता, काही मनात नसताना, वाडग्याचं झाकण उचलायला गेली.

उचलेना.

गरम सार झाकून ठेवलं आणि ते निवलं, की झाकण घट्ट बसतं. मग वाडग्याच्या दोन्ही कडा बोटांनी जराशा दाबाव्या लागतात, म्हणजे आत हवा शिरते आणि झाकण सुटतं. तिने कडा दाबल्या. सुस्कारा सोडावा तसा आवाज आला.

वाडगा रिकामा होता. झाकण आतून थेंबांनी भरलेलं होतं. समुद्री शेवाळाच्या साराचा वास आला. आल्याशिवायच्या.

तिने बाहीने झाकण पुसलं, कोरडं केलं, परत ठेवलं, दार सरकवलं, पेल्याकडे बघितलं. पेल्यात धूळ होती.

*

तिला वाटलं होतं हात्सु आता झाकण उचलणार नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या सकाळी बदलत नाहीत. त्याच दिवशी ती आली, हात धुऊन, कोरडे करून. दोन्ही हातांनी झाकण उचललं आणि पुढे धरलं.

इकुकोने नुकतंच पुसलेलं झाकण. थेंब परत आले होते, मोठे, एकमेकांत मिसळायच्या बेतातले.

"सवय," हात्सु म्हणाली. "हसू नकोस. किती?"

दोघींच्या मध्ये ते झाकण. हात्सु त्याच्याकडेच बघत होती, मान जराशी कलती, पूर्वीसारखीच.

"कोरडं आहे, आई."

"बरं."

झाकण जागेवर गेलं. हात्सु चहा ठेवायला निघून गेली. इकुको तिथेच भिंतीला टेकून बसली. म्हातारीने बघितलं. समोर धरून बघितलं आणि 'बरं' म्हणाली. म्हणजे तिला माहीत आहे. म्हणजे तिला कळलं आहे की मी खोटं बोलतेय, आणि ती मला बोलू देतेय. इकुकोला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, आता आम्ही दोघींनी मिळून त्याला उपाशी ठेवलंय.

फेब्रुवारी असाच गेला. ती पहाटे झाकण पुसायची, हात्सु येईपर्यंत ते भिजायचं. किती? कोरडं. बरं. कुवाताला तिने एकदा सकाळी तिथे आणलं, काही न सांगता झाकण उघडून दाखवलं.

त्याने बघितलं. "पेला भरलास?"

म्हणजे त्यालाही कळलं होतं. केव्हा, ते तिने विचारलं नाही.

"नाही."

कुवाताने पेला उचलला, उपडा केला, बोट आत फिरवलं, बोटावरची धूळ कपड्याला पुसली. मग आत गेला आणि उरलेल्या सुऱ्याही गुंडाळल्या.

"तू येणार आहेस?" त्याने आतून विचारलं.

"येणार आहे."

"तो जिवंत असला तरी?"

भाजीवालीची गाडी दारावरून गेली. इकुको म्हणाली, "तू असं विचारू नकोस. तू विचारलंस तर मला येता येणार नाही."

त्याने परत विचारलं नाही. चांगला माणूस होता. मीठ मात्र त्याने शेवटपर्यंत कमी केलं नाही.

*

मार्चच्या अखेरीला बर्फ रस्त्याच्या कडेला करडं होऊन उरलं होतं. कुवाताने गाडीत सुऱ्या, गादी, आणि इकुकोच्या दोन बॅगा ठेवल्या. फुमिए स्वयंपाकघरात भांडी लावत होती, आपल्या नवऱ्याला काय काय येत नाही ते मोठ्याने सांगत.

हात्सु कपाटापुढे आली. आज तिने चांगला किमोनो घातला होता. हात धुतलेले, कोरडे. दोन्ही हातांनी झाकण उचललं. आज ते घट्ट बसलं होतं. तिच्या बोटांनी कडा ओळखीने दाबल्या. सुस्कारा आला. हात्सु क्षणभर थांबली. मग झाकण उलटं करून पुढे धरलं.

इतके थेंब इकुकोने कधी पाहिले नव्हते. मधला सगळ्यात मोठा हलला, कडेला सरकला आणि तिच्या मनगटावर पडला. कोमट होता.

"किती?"

गाडीचं इंजिन चालू होतं. मोरिओ बोलका होता. ओसरीवर बसला की उठायचाच नाही. इकुकोने मनगट बाहीत ओढून घेतलं.

"कोरडं आहे."

"नीट बघितलंस?"

"बघितलं, आई."

"शपथ?"

इकुकोने शपथ घेतली.

"बरं," हात्सु म्हणाली. झाकण हातातच होतं. "मग जा. गाडीत झोपू नकोस, तो एकटा चालवत असताना झोपणं बरं दिसत नाही. आणि तिकडच्या साराला आधी चाखून बघ."

इकुकोने जमिनीला डोकं टेकवून नमस्कार केला, चपला घातल्या आणि निघाली. गाडी बाजाराच्या वळणावर पोहोचेपर्यंत तिने मागे बघितलं नाही. बघितलं तेव्हा काचेमागे कुणीतरी उभं होतं, हात्सुपेक्षा उंच. मग गाडी वळली.

आदल्या वर्षीच्या वसंतात डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात्सुला सांगितलं होतं की आता तिला माणसांचे आकार आणि उजेड एवढंच दिसत राहील, बारीक काही दिसणार नाही. ती एकटीच बसने घरी आली होती, आणि येताना तिने इकुकोसाठी कोवळ्या शेंगा आणल्या होत्या.